ट्रान्सफर केसला जाड शाफ्ट टाकू का?

नागभीडकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. जुनी फोर बाय फोर महिंद्रा जीप, मागचं अंग कापून डाला केलेला. बांधीतून धानाची पोती काढायची आणि पावसाळ्यात जिथं ट्रॅक्टरची ट्रॉलीही फसते तिथं जायचं, असा तिचा धंदा. मूळचं २.१ लिटरचं एंजिन निकामी झालं तेव्हा त्यांनी २.५ लिटरचं कॉमन रेल एंजिन बसवलं. मधे अ‍ॅडाप्टर प्लेट टाकली, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) जुनेच ठेवले. तेव्हापासून दीड वर्षात ट्रान्सफर केसचा ‘इनपुट शाफ्ट’ दोनदा गेला. आता पार्टवाला म्हणतो, जास्त स्प्लाईनचा (शाफ्टच्या लांबीत पाडलेल्या, गिअर पकडणाऱ्या दात्यांचा) जाड शाफ्ट बनवून देतो, मग जन्मभर बघायचं काम नाही. टाकू का, असं विचारलंय. सोबत तुटलेल्या तुकड्याचे दोन फोटो आहेत.

भाऊ, फोटो पाठवले हे फार बरं केलं. त्याशिवाय मीही पार्टवाल्यासारखाच बोललो असतो.

पहिली गोष्ट, तुमच्या जीपच्या ट्रान्सफर केसला इनपुट शाफ्ट असा वेगळा नसतोच. विलीज या मूळ अमेरिकन जीपच्या घराण्यातल्या या जीपांमध्ये गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट मागच्या बेअरिंगमधून बाहेर येऊन थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतो. त्याच्या शेपटावर सहा स्प्लाईन, त्यावर एक गिअर, आणि त्या गिअरला धरून ठेवणारा कॅसल नट आणि पिन. तो गिअर मधल्या गिअरला फिरवतो, मधला गिअर खालच्या शाफ्टवरच्या गिअरांना, आणि तिथून पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्यांना, ताकद जाते. म्हणजे तुमचं जे तुटलं ते गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टचं शेपूट आहे. ते जाड करायचं म्हटलं तर ट्रान्सफर केस खोलून भागत नाही. अख्खा गिअरबॉक्स टेबलावर येतो, नवा मेन शाफ्ट लागतो, त्यावरच्या गिअरांची भोकं त्याला जुळायला हवीत, मागचं बेअरिंग वेगळं लागतं, आणि ट्रान्सफरच्या गिअरला नव्या स्प्लाईनचं भोक पाडून घ्यावं लागतं. पार्टवाल्यानं यातलं किती सांगितलं ते तुम्हीच आठवा.

आता फोटो. पहिल्यात तुटलेलं तोंड दिसतं. ते सपाट आहे, आणि एका कडेपासून आत सरकत गेलेल्या बारीक गोल रेघा आहेत, तळ्याचं पाणी आटताना काठावर रेघा उमटतात तशा. शेवटचा थोडा भाग मात्र खडबडीत आणि ताजा, चमकणारा. याचा अर्थ शाफ्ट एका झटक्यात तुटलेला नाही. तडा कडेला कुठंतरी पडला, महिनोन्महिने रोज थोडा थोडा आत गेला, आणि उरलेल्या चतकोर धातूनं एक दिवस हात टेकले. झटक्यानं तुटलेला शाफ्ट वेगळा दिसतो. आतून मऊ असेल तर आधी पिळला जातो, स्प्लाईन तिरप्या होतात आणि मग तुटतो. कडक असेल तर खडू पिळून तोडल्यासारखं तिरपं, पंचेचाळीस अंशाचं तोंड येतं. तुमच्या तुकड्यावर स्प्लाईन सरळ आहेत. पीळ नाही.

दुसरा फोटो त्याहून बोलका आहे. स्प्लाईनच्या एकाच बाजूला पायरी पडली आहे, बोट फिरवलं तर नख अडकेल अशी. आणि खाचांमध्ये विटकरी भुकटी. ती धूळ नव्हे. दोन लोखंडी भाग एकमेकांवर किंचित हलत राहिले की बारीक चुरा निघतो आणि गंजून लाल होतो, तीच ती. घट्ट बसलेला गिअर असा हलत नाही. म्हणजे गिअर सैल होता, म्हणजे नट सैल होता. गिअर शाफ्टवर डुलायला लागला की भार सहाही स्प्लाईनवर सारखा न पडता दोन-तीनवरच पडतो, आणि वरून शाफ्टला वाकवणारा हेलकावाही बसतो. तडा पडायला एवढं पुरे.

दोन्ही वेळा शाफ्ट बदलताना मिस्त्रीनं नट नवा टाकला का, पिन नवी टाकली का, हे विचारा. माझा अंदाज, जुनाच नट हातोडी-छिन्नीनं ठोकून बसवला असेल. आमच्या ब्रह्मपुरीच्या भागात हे सर्रास चालतं, मीही उमेदवारीत तेच शिकलो होतो. या केसला मागच्या बाजूला, शाफ्टच्या बरोबर समोर, एक झाकण असतं. मुळात पीटीओ, म्हणजे बाहेरचं यंत्र चालवायचा जोड, बसवण्यासाठी ती जागा ठेवलेली. ते झाकण काढलं की नट समोर दिसतो, केस उतरवायची गरज नाही. दर हंगामाआधी, रोवण्याच्या अगोदर, तिथं एकदा पाना लावून बघायचा. एवढं केलं असतं तर कदाचित आज हा प्रश्नच आला नसता.

तरी एंजिनचा दोष नाही असं मी म्हणत नाही. जुन्या २.१ डिझेलचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, साधारण १२० न्यूटन-मीटर. तुमचं २.५ कॉमन रेल जुन्या थारमध्ये २४७ द्यायचं. दुपटीच्याही वर. पहिल्या गिअरचं प्रमाण समजा साडेतीन धरलं, तर त्या शेपटावर पूर्वी ४२० यायचे, आता ८६५ येतात. हे झालं झटका न देता पूर्ण जोर लावल्यावर. गाळात फसल्यावर एंजिन घुमवून क्लच एकदम सोडला की फिरत्या फ्लायव्हीलचा झटकाही त्यात मिळतो, आणि तो आकडा कागदावरच्या टॉर्कच्या फार वर जातो.

इथंच एक गोष्ट बहुतेक जण उलटी समजतात. लोक म्हणतात, ट्रान्सफरचा लो गिअर (हळू चाल, जास्त ओढ) टाकला की ट्रान्सफर केसवर ताण जास्त येतो, म्हणून हायमध्येच काढा. गाडी कुठं फसली आहे आणि ताण कुठल्या भागावर येतो, हे वेगवेगळं बघा. लो गिअरचं प्रमाण या केसमध्ये साधारण अडीच आहे, पण ही वाढ शेपटाच्या पुढे होते. शेपटावर गिअरबॉक्समधून येतो तेवढाच टॉर्क असतो, हाय असो की लो. उलट, चाकाला गाळातून निघायला जेवढी ओढ लागते तेवढी लोमध्ये मिळवायला शेपटावर अडीचपट कमी टॉर्क पुरतो. तुम्ही हायमध्ये, पहिल्या गिअरला, क्लच जाळत, झटके देत गाडी काढता तेव्हा सगळ्यात जास्त मार याच शेपटाला बसतो. ड्रायव्हरला विचारा, लोची दांडी शेवटची कधी ओढली होती. मी पैजेवर सांगतो, तिला गंज चढला असेल.

अर्थात लोमध्ये चाकं घट्ट पकडीत असताना पाय दाबला तर मार पुढे जातो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकाचे वळते सांधे), क्राऊन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी), एक्सल यांवर. फुकट काहीच नाही.

आता जाड शाफ्टकडे येऊ, कारण तो मुद्दा खोटा नाही. गोल शाफ्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनानं वाढते. ३० मिलिमीटरचा ३३ केला तर जाडी दहा टक्के वाढली, ताकद मात्र तेहतीस टक्के. ३५ केला तर जवळजवळ साठ टक्के. पण हा व्यास मोजायचा तो स्प्लाईनच्या खोबणीच्या तळाशी, माथ्यावर नव्हे. पार्टवाले व्हर्निअर माथ्यावर लावून दाखवतात. सहा खोल, चौकोनी खाचांच्या शाफ्टमध्ये माथा आणि तळ यांत बराच फरक पडतो. त्याच बाहेरच्या व्यासावर जास्त संख्येच्या, उथळ, गोलाईदार इन्व्होल्यूट स्प्लाईन पाडल्या तर तळ जाड राहतो. शिवाय त्या फिरताना आपोआप मध्यावर येतात आणि भार वाटून घेतात. जास्त स्प्लाईनचा फायदा आहे तो असा. नुसती संख्या वाढवून, तळाला तीक्ष्ण कोपरा ठेवून कुणी शाफ्ट दिला तर तडा त्या कोपऱ्यातूनच सुरू होणार.

विलीजच्याच केसचा इतिहास बघा. युद्धकाळातल्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला गिअर पाऊण इंचाच्या शाफ्टवर फिरायचा. पुढे तो सव्वाएक इंचाला थोडा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश झाला, आणि नंतर पूर्ण सव्वा इंच. कंपनीनं आपलीच चूक दोनदा सुधारली. पण दर वेळी शाफ्टबरोबर गिअरचं भोक, सुई-बेअरिंग आणि केसचं भोक हे सगळं बदललं. तुमच्या केसमध्ये कुठला मधला शाफ्ट आहे, तेही मिस्त्रीला खोलल्यावर मोजायला सांगा. मागचं शेपूट मजबूत करून मधला शाफ्ट बारीकच राहिला तर तो पुढचा बळी.

जास्त स्प्लाईनची ही हवा मुळात आली अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपांकडून. तिथं न्यू प्रोसेस २०५ नावाची ओतीव लोखंडाची, गिअरवर चालणारी केस होती. डॉजच्या गाड्यांमध्ये ती आधी २३ स्प्लाईनच्या इनपुटवर यायची. १९८९ मध्ये त्यांनी कमिन्सचं ५.९ लिटर डिझेल बसवलं, ४०० फूट-पाउंड म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटरचं, आणि त्या गाड्यांना २९ स्प्लाईनचा इनपुट आला. व्हिडिओ बघून आपली पोरं म्हणतात, बघा काका, शाफ्ट बदलला की झालं. अरे, त्या गाडीला गिअरबॉक्सच त्या ताकदीचा आणि २९ स्प्लाईनच्या आउटपुटचा होता, आणि केस मुळातच दणकट होती. तिथं फक्त एक कडी बारीक होती, ती जाड केली. तुमच्या जीपमध्ये एंजिन सोडून सगळीच साखळी बारीक आहे.

माझा एक किस्सा सांगतो. नव्वदच्या दशकात एका राइस मिलवाल्याची जीप माझ्याकडे होती, अशीच, मोठं एंजिन टाकलेली. शेपूट तुटलं. मी एका ओळखीच्या लेथवाल्याकडून शाफ्ट बनवून घेतला. धातू कुठला, तर ‘चांगला आहे भाऊ, एक्सलचा आहे’. बहुतेक साधं ईएन ८ जातीचं पोलाद असावं. दीड महिन्यानं जीप परत आली. ट्रान्सफरचा गिअर निघता निघेना. ओढून काढला तर स्प्लाईन सुंभासारख्या पिळलेल्या. शाफ्ट तुटला नव्हता, पण पीळ काही जाणार नव्हता. मालक म्हणाला, ‘जाड बनवा, पैशाचं पाहू नका.’ मीही तरुण होतो. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यातून ईएन २४ चा शाफ्ट बनवून आणला, शेपूट जाड, गिअरलाही नवं भोक. फार देखणं काम झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात सिंदेवाहीच्या अलीकडे, नाल्याच्या चढावर, भरल्या गाडीत मागचं क्राऊन-पिनियन फुटलं. रात्री अकरा वाजता, पावसात, मी आणि माझा पोरगा टॉर्च तोंडात धरून हाउसिंग खोलत होतो. तेल काढलं तर बादलीत पिनियनचे चार दात वाजले. जुना शाफ्ट तुटला असता तर मालकाला शाफ्टचेच पैसे लागले असते. मजबूत शाफ्टनं त्याला त्याच्या कितीतरी पट खर्चात पाडलं.

शिवाय तो ईएन २४ चा शाफ्टही वर्षभरात घासला. त्याची चूक मला उशिरा कळली. गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवर गिअर नुसते बसत नाहीत, काही गिअर त्याच्यावर फिरतात. तिथं पृष्ठभाग काचेसारखा कडक लागतो, ५८ ते ६२ रॉकवेल सी (कडकपणा मोजायचं माप), आणि गाभा चिवट. ईएन २४ बाजारात मिळतो तो आरपार सारखा, साधारण ३० रॉकवेलच्या आसपास. पिळाला चांगला, पण घासायला मऊ. अशा शाफ्टला २० एमएन सीआर ५ किंवा ईएन ३६ सारखा धातू घेऊन वरून कार्बुरायझिंग (भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक करणं) करावं लागतं, मग बेअरिंगच्या जागा ग्राइंड कराव्या लागतात, कारण भट्टीतून शाफ्ट थोडा वाकूनच येतो. ‘हार्ड करून देतो’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, हार्ड आधी की ग्राइंड आधी. जो आधी ग्राइंड सांगेल त्याच्याकडून उठून या. आणि हातात आलेल्या शाफ्टवर कानस फिरवून बघा. कडक पृष्ठभागावर ती घसरते, चावत नाही. ही जुनी परीक्षा अजून खोटी पडलेली नाही.

तर तुमच्यासाठी काय? मी असं करीन.

आधी त्याच मापाचा चांगल्या कंपनीचा मेन शाफ्ट, नवा ट्रान्सफर गिअर, नवा नट, नवी पिन. जुना गिअर परत घालायचा नाही, त्याच्या भोकातल्या स्प्लाईन तुमच्या शाफ्टनं खाल्लेल्या आहेत. जुन्या गिअरवर नवा शाफ्ट म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा हाच फोटो. मागचं बेअरिंग आणि सील बदलायचं. सील गेलं असेल तर गिअरबॉक्सचं ऑईल ट्रान्सफरमध्ये किंवा तिकडचं इकडे सरकतं आणि एक डबा कोरडा पडतो. ऑईल ९० नंबर, पण डब्यावर जीएल ४ बघून घ्या. पितळी सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्सला जीएल ५ मानवत नाही.

मग फाउंडेशन, म्हणजे एंजिन-गिअरबॉक्स ज्या रबरी टेकूंवर बसतात ते. एंजिन बदललं तेव्हा अ‍ॅडाप्टर प्लेट कोणी, कशी बनवली? एंजिन आणि गिअरबॉक्सचा मध्य जुळतो का, हे डायल गेज लावून बघितलं होतं का? आणि मागचं रबर फाउंडेशन दबून खराब झालं असेल तर जोर दिल्यावर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरचा सगळा गठ्ठा उसळतो. गाडी उभी करून, हातब्रेक ओढून, कोणाला तरी हलकेच क्लच सोडायला सांगा आणि खालून बघा. बोटभर हलत असेल तर आधी तेच काम. मागे कमानीत जादा पाटे टाकून गाडी उचलली असेल, आणि प्रश्नात तसं लिहिलं नसलं तरी डाला केलेल्या जीपला ते असतंच, तर प्रोपेलर शाफ्टचा कोनही बिघडतो आणि कंप थेट ट्रान्सफरमध्ये जातो.

टायर. मोठे लावले असतील तर मूळ मापाला या. टायरचा व्यास २८ वरून ३२ इंच झाला की तेवढीच ओढ मिळवायला सगळ्या साखळीला चौदा टक्के जास्त पिळावं लागतं.

हे सगळं करून, लो गिअर वापरून, एक हंगाम काढा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑईल काढा आणि चुंबक फिरवा. काळा गाळ थोडा चालेल. चमकी किंवा किस निघाला तर थांबा.

आणि हे करूनही मोठं एंजिनच ठेवायचं, पोती भरूनच काढायची असं असेल, तर जाड शाफ्टवर पैसे घालू नका. त्याच एंजिनाबरोबर आलेला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडीनं शोधा. फोर बाय फोर थारचा भंगारातला सेट मिळतो. त्याची दांडी, क्रॉस मेंबर, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी हे सगळं नव्यानं जुळवावं लागेल, काम आठवडाभराचं आहे. पण त्या जोडीतला प्रत्येक भाग २४७ न्यूटन-मीटर बघून बनवलेला आहे. तुमच्या जुन्या केसमध्ये बेअरिंगच्या घराला मर्यादा आहे, शाफ्ट जाड करत गेलात तर बेअरिंगला भिंत उरत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, एक कडी मुद्दाम कमजोर राहू द्या, आणि ती कुठली हे तुम्ही ठरवा. माझी पसंती मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला. तुटला तर खडखड करून आधी सांगतो, किंमत कमी, आणि बांधावर बसून दोन पाने आणि एका हातोडीवर बदलता येतो. एक जादा क्रॉस सीटखाली ठेवा. मागचा तुटला तर मागचा शाफ्ट सोडून पुढच्या चाकांवर रिकामी गाडी घरी येते, फक्त फोर व्हीलची दांडी टाकायला विसरू नका.

बाकी एक, एंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकावर केलीत का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती लागते. ते माझं काम नाही, पण अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

नट मात्र आजच बघा. मागचं झाकण काढा, नटावर टॉर्च धरा आणि त्याच्या बुडाशी लाल भुकटी आहे का, त्याचा फोटो पाठवा. असेल तर गाडी रोवण्याला काढू नका, तशीच उभी राहू द्या.